विम्याने दवाखाना उभा राहत नाही

२०२३ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात महाराष्ट्रात घडलेल्या तीन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला हव्यात. जुलैअखेर राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती वाढवण्याचा निर्णय काढला. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाऐवजी पाच लाखांचं संरक्षण, आणि तेही पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरतं नव्हे, पांढऱ्या कार्डवाल्यांसकट सगळ्यांना. स्वातंत्र्यदिनापासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत झाले. आणि ऑक्टोबर उजाडता उजाडता नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती.

हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं, म्हणून मोफत उपचारांचा तो निर्णय त्याला लागू नव्हता, हे खरं. पण त्या बाळांना जे कमी पडलं ते विम्याचं संरक्षण नव्हे. आसपासच्या जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण, अपुरं मनुष्यबळ, औषधखरेदीतला गोंधळ, याचीच चर्चा तेव्हा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावून आपला संताप व्यक्त केला. पाच लाखांचं कार्ड घरात असलेलं बाळही त्या रात्री त्याच कक्षात, त्याच परिचारिकेच्या भरवशावर राहिलं असतं.

सार्वत्रिक आरोग्यसेवा की खासगी विमा, हा वाद आपल्याकडे जवळजवळ नेहमी एकाच प्रश्नाभोवती फिरतो: बिल कुणी भरायचं? सरकारने, कंपनीने, की रुग्णाने? प्रश्न महत्त्वाचा आहेच. घरातला एक माणूस आजारी पडला की जमीन गहाण पडते, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. पण बिल सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी खाट लागते, डॉक्टर लागतो, रात्री दोन वाजता जागी असलेली परिचारिका लागते. विमा, मग तो खासगी असो की सरकारी, यांतलं काहीच निर्माण करत नाही. जिथे हे सगळं आधीपासून आहे तिथे तो पैसे पोचवतो. माझं म्हणणं याहून पुढचं आहे. विम्याला आरोग्यव्यवस्था समजून आपण जो प्रवास केला, त्यात मध्यमवर्ग सरकारी दवाखान्यातून उठून गेला, आणि त्याचं नुकसान गरिबाइतकंच त्या मध्यमवर्गाचंही होतंय.

मेडिक्लेम ही पॉलिसी भारतात १९८६ मध्ये आली, सरकारी विमा कंपन्यांनीच आणली. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत पगारदार घरांत मेडिक्लेम ही घराच्या हप्त्याइतकीच गृहीत धरलेली गोष्ट झाली. तिशीतल्या निरोगी माणसाला एजंट स्वतः फोन करतो. तोच माणूस बासष्टीला, मधुमेह आणि एक स्टेंट घेऊन नव्याने पॉलिसी मागायला गेला, तर कागदपत्रं, तपासण्या, आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ, को-पे, आणि शेवटी निवृत्तिवेतनाचा मोठा तुकडा मागणारा हप्ता. यात कुणा एका कंपनीचा दुष्टावा शोधू नये. हे विम्याच्या गणितातच आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० च्या ज्या निबंधाला पुढे नोबेल मिळालं, त्यात जुन्या गाड्यांच्या बाजाराबरोबर हेच उदाहरण आहे: पासष्टीपुढच्या माणसाला वैद्यकीय विमा मिळणं इतकं अवघड का? हप्ता वाढवला की निरोगी माणसं बाहेर पडतात आणि आजारी मागे राहतात. मग हप्ता आणखी वाढवावा लागतो. त्याआधी सात वर्षं केनेथ ॲरो यांनी दाखवून दिलं होतं की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण आपल्याला काय हवंय हे रुग्णाला ठाऊक नसतं आणि ते त्याला विकणाराच सांगतो.

आपल्या विमा नियामकाने काही चांगले बदल केले आहेत आणि ते मनापासून मान्य करायला हवेत. २०२४ मध्ये आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आला. नवी पॉलिसी घेण्याची पासष्ट वर्षांची अट गेली. २०२५ च्या जानेवारीत ज्येष्ठांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही असा आदेश निघाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. पण दहा टक्क्यांनी वाढत गेलेला हप्ता सात-आठ वर्षांत दुप्पट होतो आणि निवृत्तिवेतन त्या वेगाने वाढत नाही. पासष्टीनंतर पॉलिसी विकायला कंपनीला मुभा आहे याचा अर्थ ती परवडेल असा होत नाही.

आणि पॉलिसी असली तरी प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा काय होतं, ते एका साध्या हिशेबाने सांगतो. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. रुग्णालयात त्या दराची खोली शिल्लक नाही, म्हणून नातेवाईक आठ हजारांची घेतात. त्यांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. पण अशा पॉलिसीत सर्जनची फी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं, भूलतज्ज्ञ यांचे दर खोलीच्या वर्गाला जोडलेले असतात. म्हणून तेही आठास पाच या प्रमाणात कापले जातात. या बाबींचं बिल १ लाख ६० हजार झालं असेल तर कंपनी १ लाख देते. उरलेले साठ हजार डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भरायचे असतात. त्या दिवशी कॅशलेसची फाईल टीपीएकडे, म्हणजे दावे तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे, अडकलेली असते आणि रुग्ण कपडे बदलून खाटेवर बसून असतो. पॉलिसीची पन्नास पानं वाचून हे आधी समजून घेणं हे आजारी माणसाच्या घरच्यांचं काम असावं का?

पैसा जातो कुठे, तेही पाहू. विमा नियामकाच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांनी हप्त्याच्या दर शंभर रुपयांतले साधारण ६५ रुपये दाव्यांपोटी दिले. सरकारी विमा कंपन्यांनी शंभराहून थोडे जास्त दिले. अमेरिका हा तर खासगी विम्याचा माहेरचा देश. तिथेही २०१० च्या कायद्याने कंपन्यांवर बंधन आहे: हप्त्यातले किमान ८० टक्के, मोठ्या समूहांच्या पॉलिसीत ८५ टक्के, उपचारांवर खर्च करा, नाहीतर फरक ग्राहकाला परत द्या. आणि तरीही तो देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा आरोग्यावर घालवून लक्षावधी लोकांना विम्याविना ठेवतो. तिथल्या आपल्या मराठी घरांना विचारा, भेटीला येणाऱ्या आईवडिलांच्या तिकिटाआधी त्यांना कशाची काळजी लागते.

इथवर कुणी म्हणेल, मग पर्याय काय? सिव्हिलमध्ये जायचं? या प्रश्नातला तिरस्कार आपण कमावलेला आहे. तो मुळात नव्हता. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय उघडलं ते मुंबई महापालिकेच्या पैशाने, आणि त्याच्या जोडीच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयामागचा आग्रह असा होता की तिथे शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत. मेडिक्लेम निघाली त्याच १९८६ साली त्याच केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून देशातलं शास्त्रोक्त नोंद झालेलं पहिलं टेस्ट-ट्यूब बाळ जन्माला आलं. म्हणजे जगातलं नवं वैद्यकशास्त्र आपल्याकडे पालिकेच्या दवाखान्याच्या दारातून आत येत होतं. आजही अवघड हृदयशस्त्रक्रिया असली की सोलापूर-जळगावचा माणूस केईएम, नायर, शीव यांच्याच आवारात चटई पसरतो. गर्दी, घाण, उद्धट बोलणं, सगळं खरं आहे. पण 'सरकारी म्हणजे टाकाऊच' हे खरं नाही.

फरक पडला तो माणसांच्या निघून जाण्याने. गावची विहीर गाळाने भरली आणि ज्यांना परवडतं त्यांनी टँकर मागवायला सुरुवात केली, तर विहिरीच्या गाळाचा विषय ग्रामसभेत कोण काढणार? वकील, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, पत्रकार यांची आई जोवर सिव्हिलमध्ये दाखल होत होती, तोवर तिथल्या बंद पडलेल्या एक्स-रे यंत्राची बातमी होत होती. आमदारांच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या खासगी उपचारांची बिलं सरकारी तिजोरीतून भरून मिळतात. म्हणजे जे लोक सरकारी रुग्णालयाचं अंदाजपत्रक ठरवतात, त्यांच्या घरच्यांना तिथे जावं लागत नाही. इतरांना, जुनी करप्रणाली निवडली तर, आयकर कायद्याने हप्त्यावर २५ हजारांपर्यंत, ज्येष्ठांना ५० हजारांपर्यंत वजावट दिली आहे. सरकार स्वतःच्या रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्याला कर माफ करतं, आणि ही सवलत ज्याचं उत्पन्न करपात्र आहे त्यालाच मिळते. शेतमजूर बाईला त्यातला एक रुपया नाही.

तिच्यासाठी सरकारी विमा आहे, असं उत्तर मिळतं. २०१८ पासून आयुष्मान भारत, आणि राज्यात फुले योजना, जिचा आधीचा अवतार राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाला होता. या योजनांनी हजारो लोकांच्या हृदयाच्या झडपा बदलल्या, कर्करोगाची किमो दिली. ज्यांचे प्राण वाचले त्यांच्या लेखी ही योजना म्हणजे सर्वस्व आहे, आणि तिला नाव ठेवताना हे विसरणं निर्दयपणाचं ठरेल. पण तिची रचना पाहा. ती पॅकेजवर चालते: अमुक शस्त्रक्रिया, तमुक रक्कम. पॅकेज परवडत नाही म्हणून रुग्णालय टाळाटाळ करतं, किंवा आधी डिपॉझिट मागतं, किंवा 'हे पॅकेजमध्ये बसत नाही' म्हणून औषधांची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात ठेवतं. योजनेने रुग्णालयात नेमलेला आरोग्यमित्र बिचारा दोघांच्या मधे उभा. आणि ही सगळी खटपट दाखल झाल्यावरची. रोजच्या मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या, मुलाचा ताप, बाईच्या अंगातलं रक्त कमी होणं, कंबरदुखी, यांना पॅकेज नसतं. घरच्या खिशातून आरोग्यावर जो पैसा जातो त्यात सर्वांत मोठा वाटा औषधांचा असतो, हे पाहणीमागून पाहणीत दिसून आलं आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी केलेलं काम मला या वादातला सर्वांत ठोस पुरावा वाटतं. गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन कसं घ्यायचं, ते गार पडलंय हे कसं ओळखायचं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शन कसं द्यायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. आता सांगा, यातल्या कशाचा क्लेम होतो? कुठला टीपीए पावसाळ्यात नाला ओलांडून बाळ मोजायला गेलेल्या बाईचं बिल पास करणार? जीव वाचवणारी सर्वांत स्वस्त गोष्ट विम्याच्या चौकटीत दिसतच नाही. कारण विमा आजाराची किंमत मोजतो, टळलेल्या आजाराची नाही.

सिंधुदुर्गचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मोठा आजार झाला की तो बांबोळीला जातो, गोवा मेडिकल कॉलेजात. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा असलेली ती संस्था. कोल्हापूर घाटापलीकडे, मुंबई रात्रभराच्या अंतरावर, आणि बांबोळी तास-दीड तासावर. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सिंधुदुर्गात खळबळ उडाली. गोव्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. ते राज्य आपल्या रहिवाशांच्या करातून ते रुग्णालय चालवतं. प्रश्न महाराष्ट्राला होता: एका अख्ख्या जिल्ह्याला मोठ्या उपचारासाठी राज्याची हद्द का ओलांडावी लागते? उपाय म्हणून महाराष्ट्राची विमायोजना बांबोळीत लागू करण्याची धडपड झाली. म्हणजे पुन्हा बिलाचाच बंदोबस्त.

आता दोन आक्षेप, जे खरोखर वजनदार आहेत. पहिला: करातून चालणाऱ्या सेवेत रांगा लागतात. लागतात. ५ जुलै १९४८ ला अन्युरिन बेव्हन यांनी सुरू केलेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत आज एकट्या इंग्लंडमध्ये ७० लाखांहून अधिक उपचार प्रतीक्षायादीत आहेत. गुडघ्यासाठी वर्ष-वर्ष थांबणाऱ्याला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. पण त्या रांगेत लॉर्डसाहेब आणि बसचालक एकाच नियमाने उभे असतात, म्हणूनच तिथे प्रतीक्षायादी हा निवडणुकीचा मुद्दा होतो आणि सरकारं त्यावर घाम गाळतात. आपल्याकडेही रांग आहे. पण आपली रांग पैशाने लागते, आणि तिच्या टोकाला उभ्या असलेल्यांची यादी कुणी ठेवत नाही.

दुसरा आक्षेप: गरीब देशाला हे परवडत नाही. याचं उत्तर थायलंडने दिलं आहे. १९९७ मध्ये त्या देशाचं चलन कोसळून सगळी अर्थव्यवस्था हादरली होती. त्यानंतर पाचच वर्षांत, २००२ मध्ये, त्यांनी कायदा करून सगळ्यांना सेवा खुली केली, दर भेटीला फक्त ३० बाट. जमलं कसं? त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं ते तालुक्यातालुक्यात रुग्णालयं बांधत होते आणि नव्या डॉक्टरांना सक्तीने खेड्यात पाठवत होते. आधी दवाखाना, मग कार्ड. आपण क्रम उलटा केला.

आणि हा क्रम आपल्याला कुणी सांगितला नव्हता असंही नाही. नाशिकमध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच आराखडा मांडला होता: दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचं रुग्णालय, आणि पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या तडाख्यातही, तो १.८४ टक्के होता. त्याच धोरणाने राज्यांना आपल्या अंदाजपत्रकाचे आठ टक्के आरोग्यावर खर्च करायला सांगितलं. महाराष्ट्र, देशातलं सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य, त्याच्या जवळपासही नाही.

खासगी रुग्णालयं बंद करा असं मी म्हणत नाही. ती राहणार, आणि त्यांतली पुष्कळ उत्तम काम करतात. पण दरांची शिस्त त्यांना लावता येते हे आपण एकदा करून पाहिलं आहे. २०२० च्या मे महिन्यात महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साधा कक्ष दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पुष्कळ ठिकाणी पायमल्ली झाली, पण लेखापरीक्षण झालं तिथे बिलं कमी झाली आणि काही कुटुंबांना पैसे परतही मिळाले. साथ ओसरली आणि ती व्यवस्थाही ओसरली. आता रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावावं असा नियम आहे. पण फळ्यावर लिहिलेला दर किती असावा याला मर्यादा नाही. करोनाने मेलेला आणि काविळीने मेलेला, यांच्या विधवांच्या कर्जात असा काय फरक आहे की एकीला दराचं संरक्षण मिळावं आणि दुसरीला नाही?

शिस्त सरकारी दवाखान्यालाही लावता येते. राज्यात २००७ पासून पाच जिल्ह्यांत सुरू झालेली लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया आठवते. गावकरी प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण देत: डॉक्टर हजर होता का, औषध मिळालं का, बाळंतपणात पैसे मागितले का. मग जनसुनवाई. अधिकारी समोर बसलेले, आणि बाया उभ्या राहून सांगत की नर्सबाईंनी इतके घेतले. काही ठिकाणी ते पैसे परत मिळाले, बंद उपकेंद्रं उघडली, बाहेरून औषध आणायला लावणाऱ्या चिठ्ठ्या कमी झाल्या. ज्यांना अंदाजपत्रक वाचता येत नव्हतं अशा बायकांनी हे केलं. ज्यांना ते वाचता येतं, माहितीचा अधिकार वापरता येतो, वर्तमानपत्रात लिहिता येतं, ज्यांच्या एका फोनने जिल्हा शल्यचिकित्सक अस्वस्थ होऊ शकतो, ते त्या मांडवात नव्हते. त्यांचा तिथे काही संबंधच उरला नव्हता. तो संबंध पुन्हा जोडायचा तर सुरुवात पासष्टी गाठलेल्यांपासून होऊ शकते, कारण हप्ता त्यांनाही आता झेपेनासा झालाय आणि तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या रुग्ण कल्याण समितीत कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, मंजूर डॉक्टरांतले किती हजर आहेत, हे विचारायला अर्जाखेरीज काही लागत नाही.